न संपवलेलं पारायण

श्रावणातला गुरुवार, १९५७. आमच्या आळीतल्या देवळाचा सभामंडप, दुपारची जेवणं उरकल्यानंतर. हजर: मी. माझ्या नणंदबाई, ज्यांना मी वन्सं म्हणते. समोरच्या सोनाराघरच्या काकू. मामलेदार कचेरीतल्या कारकुनाची बायको, जिला आम्ही कारकुनीण म्हणायचो आणि तिला त्याचा राग नसे. मंडपाच्या पायरीवर, खांबाला टेकून, सुकी मासळी विकणारी आगरीण. देवळाचे गुरव, अर्धे जागे. शिवाय आळीतल्या आठ-दहा जणी, मांडीवर कापूस घेऊन. गैरहजर: पुराणिकबुवा.

मला हजेरी मांडायची सवय आहे. घरचं कार्य असो की पापड लाटायला बसणं असो, कोण आलं, कोण यायचं राहिलं, काय करायचं उरलं, हे लिहून काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमचे हे म्हणतात, ही यमाच्या दारातसुद्धा आधी हजेरी घेईल. घेईन. त्याच्याकडे तरी सगळं व्यवस्थेशीर असतं की नाही कुणी पाहिलंय.

पुराणिकबुवा आपट्याचे. दर चातुर्मासात ते पनवेलला येत, देवळाच्या ओवरीत मुक्काम करत आणि रोज दुपारी आम्हा बायकांना पोथी सांगत. त्या वर्षी आपट्याहून निरोप आला की बुवा पाताळगंगेच्या घाटावर शेवाळावरून घसरले, पाय मोडला, या चातुर्मासात येणं नाही. पोथी आपल्या तांबड्या फडक्यात कोनाड्यात होती. ती बुवांशिवाय कुणी सोडायची नाही, असा रिवाज. आम्ही वाती वळत बसलो. वाती वळायला पोथी लागत नाही, पण पोथी नसली की चार वातींच्या आत बोलणं कुणाच्या तरी सुनेवर येतं. त्या दुपारी ज्या सुनेवर आलं, ती समोरच बसली होती.

मी म्हटलं, "वन्सं, तुमचं पुस्तक आणा."

वन्सं एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या आणि अजूनही होत्या. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. ते पुस्तक त्यांनी या चातुर्मासाच्या थोडं आधीच एस.टी. स्टँडवर घेतलं होतं. तिथे एक माणूस ताडपत्री पसरून पंचांगं, व्रतांच्या कहाण्या, आरत्या असलं काहीबाही विकायचा. त्यात हे एक जाड, शिवलेलं पुस्तक पडलं होतं. लिहिणारे कुणी निवृत्त शिक्षक असावेत. सुरुवातीलाच त्यांनी लिहिलं होतं की ज्यांना संस्कृत येत नाही, तीर्थयात्रा घडत नाही आणि संसारातून उठायला सवड नाही, त्यांनी देवाधर्माचं काय करायचं, एवढंच इथे सांगितलंय. बारा अध्याय. एक अध्याय रागावर, एक मौनावर, एक आजारी माणसाच्या सेवेवर, एक दान कसं द्यावं यावर. आधी गोष्ट, मग साधं विवेचन, आणि प्रत्येक अध्यायाच्या शेवटी त्या दिवशी करून पाहण्यासारखं एखादं लहानसं काम. मला ते पुस्तक पटलं ते त्या कामांमुळे. नुसतं ऐकून पुण्य लागतं, यावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

वन्संनी मान खाली घालून वाचायला सुरुवात केली. इतक्या भरभर, की शब्द एकमेकांवर आपटत होते.

"हळू वाच गं," सोनारकाकू म्हणाल्या. "तुझ्यामागे कुणी लागलंय का?"

मग त्या हळू वाचू लागल्या. अध्याय रागावरचा होता. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी आज आपण होऊन बोलावं, असं शेवटी काम दिलेलं.

"हे लिहिणाऱ्याला जाऊ नसणार," सोनारकाकू म्हणाल्या.

"जाऊ नसेल, साहेब तर असेल," कारकुनीण म्हणाली. "आमच्याकडे त्यांनी साहेबाशी अबोला धरला तर पहिल्या तारखेला कळेल."

पायरीवरून आगरीण म्हणाली, "बाय, तवढी गोष्ट परत वाचा. मागनं गाडी गेली, मना आयकू नाय आली."

आगरीण खाडीकडच्या गावातली. सकाळी बाजारात सुकट-बोंबील विकायची आणि दुपारी परतीच्या गाडीला वेळ असला की देवळाच्या पायरीवर बसायची. टोपली फाटकाजवळ ठेवायची. पुराणिकबुवांची पोथीही तिने वर्षानुवर्षं तिथूनच ऐकली होती. त्यातलं काय कळतं, असं एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, "कळत काय नाय. पन बुवा वाचतान तवा झोप गोड लागते."

त्या दिवशी तिने झोप घेतली नाही. वन्संनी गोष्ट पुन्हा वाचली. गाडीची वेळ झाली तशी ती उठली आणि म्हणाली, "फुडचं उद्या वाचा. मी आल्याबिगर वाचू नका." आमच्या घरात वन्संना कुणी आपल्यासाठी थांबायला सांगितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. "हे झालं का, ते झालं का" एवढंच ऐकलं होतं.

आठवडा असा गेला. मंडपात बायका वाढल्या. आणि मग एका रात्री जेवताना मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ताटावरून नजर न उचलता मला विचारलं, "मंडपात काय चाललंय?"

मामंजी देवळाच्या तीन पंचांतले मुख्य. वन्सं त्यांची सख्खी मुलगी, आणि त्या वेळी त्यांना भात वाढत होत्या. त्यांना विचारलं नाही. मला विचारलं.

"वाचन, मामंजी."

"कोण वाचतं?"

"वन्सं."

"पोथी?"

"पुस्तक."

मामंजींनी भात कालवला. मग एकेक करून मांडलं. मांडण्याची पद्धत त्यांची आणि माझी सारखीच होती, हे मला त्या दिवशी कळलं. एक, शिवून, खळ लावून बांधलेलं, कुणाकुणाचे हात लागलेलं पुस्तक देवासमोर आणायचं नाही. दोन, वक्त्याच्या जागेवर बाईने बसायचं नाही आणि विधवेने तर नाहीच. तीन, मासळीवाली पायरीवर बसते. ती बुवांच्या वेळीही तिथेच बसायची, हे मी सांगायला गेले, तर म्हणाले, "तेव्हा ती झोपायची."

"आणि हे पारायण तरी आहे का?" ते पुढे म्हणाले. "संकल्प नाही, आसन नाही, नैवेद्य नाही. गाडी आली की अध्याय अर्ध्यात टाकून उठता. वर्तमानपत्र वाचल्यासारखं. पारायण असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. सोमवारपासून बंद." मग पहिल्यांदाच वन्संच्या दिशेने, पण त्यांच्याकडे न बघता, "वाचायचंच असेल तर माजघरात वाच."

वन्संनी ताक वाढलं आणि आत गेल्या.

मागच्या दारी आम्ही भांडी घासायला बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "माजघरात मी इतकी वर्षं वाचतेच आहे, वहिनी. डाळ शिजेपर्यंत वाचते, दूध उतू जाईपर्यंत वाचते. मला आता वाचायचं नाहीये नुसतं. कुणीतरी ऐकायला हवंय."

मी राखेची वाटी त्यांच्याकडे सरकवली.

"मंडपात मी आले की बायका सरकून जागा करतात," त्या म्हणाल्या. "घरात मला बघून कुणी सरकत नाही. मी असतेच इथे."

एवढं बोलून त्यांनी पातेलं असं घासलं की त्याची कल्हई गेली. मी उठून आत आले आणि कागद घेतला. मामंजींनी काय नाही म्हणून सांगितलं होतं? संकल्प. आसन. नैवेद्य. अध्याय अर्ध्यात न सोडणं. चारही गोष्टी जमण्यासारख्या होत्या. चौरंग अडगळीच्या खोलीत होता. समई घासून ठेवलेलीच होती. नैवेद्याला पंचखाद्य करायचं होतं. पळीपंचपात्र देवळाचं.

आमचे हे अंथरुणावर पडून बघत होते. "बाबांच्या विरुद्ध जाऊ नकोस," म्हणाले.

"विरुद्ध कुठे? ते म्हणाले तसंच करतेय."

"मग मला काही माहीत नाही. मी दुकानात असतो."

"दिवसा असता. आत्ता इथे आहात. चौरंग वरच्या फळीवरून काढून द्या."

त्यांनी काढून दिला. एवढी त्यांची बाजू मी मान्य करते.

सोमवारी दुपारी मंडप झाडून, सडा घालून, रांगोळी काढून आम्ही चौरंग मांडला. त्यावर धूतवस्त्र, त्यावर पुस्तक. पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. गुरवांना मी सांगितलं की संकल्प सांगा. ते म्हातारे, ऐकायला थोडे कमी, पण कामाला चोख.

"ग्रंथ कुठला?" त्यांनी विचारलं.

"धर्माचा."

"धर्माचा म्हणजे झालंच. कुणाच्या नावाने?"

"सगळ्यांच्या. जेवढ्या बसल्यात तेवढ्यांच्या."

मग एकेकीचं नाव आणि गोत्र विचारत ते पायरीपर्यंत पोचले. आगरीण ओशाळली. "आमचं गोत्र काय म्हायती नाय. गाव सांगू का?"

"गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणायचं," गुरव म्हणाले. "शास्त्रच आहे तसं."

"मंग काश्यप," आगरीण म्हणाली. मग जरा थांबून, "घरी सांगते, आज बाजारात मासळी गेली नाय पन गोत्र गावलं."

गुरवांनी पळीतून पाणी सोडवून घेतलं आणि आम्ही त्यांच्या मागून म्हटलं: हा ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू, मध्ये खंड पडू देणार नाही, समाप्ती होईपर्यंत आसन हलवणार नाही. झालेले अध्याय हिशेबात न धरता वन्संनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण पहिल्यापासून असं म्हटलं होतं आणि मला त्यात फट राहू द्यायची नव्हती.

पंच आले ते पहिला अध्याय संपून दुसरा चालू असताना. मामंजी पुढे. मागे भाताचे व्यापारी शेठ आणि पेन्शनीत निघालेले हेडक्लार्क. वन्संना वडील दिसले आणि त्यांचा आवाज बसला.

पारायण चालू असताना जो आत येईल त्याने अध्याय पुरा होईपर्यंत बसायचं. मध्ये बोलायचं नाही, मध्ये उठायचं नाही. हे काही मी काढलेलं नाही. याच मंडपात मामंजींनी हे आम्हाला शिकवलं होतं. एकदा घरातून निरोप आला म्हणून मी अर्ध्यात उठले होते, तेव्हा त्यांनीच मला हाताने खाली बसवलं होतं.

मी सतरंजी टाकली आणि मोठ्याने म्हटलं, "अध्याय चालू आहे, मामंजी. बसून घ्यावं."

ते उभे राहिले. मग चौरंगाकडे बघितलं, समईकडे बघितलं, पंचपात्राकडे बघितलं. आणि बसले. ते बसले म्हणून बाकीचे दोघे बसले. वन्संनी पाण्याचा घोट घेतला आणि जिथे आवाज गेला होता तिथून पुन्हा सुरू केलं.

अध्याय आजाऱ्याच्या सेवेवरचा होता आणि लांब होता. दुपार उकाड्याची. थोड्या वेळाने शेठ घोरू लागले. आधी बारीक, मग भरपूर.

"शेठना समाधी लागली," आगरीण म्हणाली.

बायका पदर तोंडात कोंबून हसल्या. हेडक्लार्कांनी छताकडे बघितलं. वन्सं थांबल्या नाहीत. शेठ जसे चढत गेले तसा त्यांनी आवाज चढवला. तो आवाज मी आमच्या घरात कधी ऐकला नव्हता. मला वाटतं त्यांनीही ऐकला नव्हता. शेवटी काम दिलं होतं: घरात आजारी असेल त्याच्याजवळ आज काही न बोलता थोडा वेळ बसा. मग त्यांनी नमस्कार केला आणि पुस्तकात बोट ठेवून ते मिटलं.

"झालं?" मामंजी म्हणाले. "आता बंद करा."

"बाबा, संकल्प केलाय," वन्सं म्हणाल्या.

"कुणी सांगितला?"

"मी सांगितला," गुरव म्हणाले. "आसन मांडलेलं, नैवेद्य आणलेला, सगळ्या पाय धुऊन बसलेल्या. नाही कसं म्हणणार?"

"मग मोडा तो."

"मोडतो की," गुरव म्हणाले. "मोडल्याचा दोष कुणाच्या नावाने घालू तेवढं सांगा."

शेठ तोपर्यंत जागे झाले होते. त्यांनी हेडक्लार्कांकडे बघितलं. हेडक्लार्कांनी मामंजींकडे. मामंजी देवाला घाबरणारे होते, म्हणजे खरोखरीचे, दाखवायचे नव्हेत. पहाटे उठून थंड पाण्याने आंघोळ करणारे, एकादशीला पाणीही मोजून पिणारे. या गोष्टीला मी कधी हसले नाही. त्यांच्या श्रद्धेचा मी त्या दिवशी आधार घेतला, हेही लपवत नाही. ती खोटी असती तर मला काहीच करता आलं नसतं.

शेवटी ते म्हणाले, "ग्रंथ संपेपर्यंत. समाप्ती झाली की हे आसन उचलायचं ते पुन्हा मांडायचं नाही. आणि मासळीची टोपली कुंपणाबाहेर."

"टोपली भायेरच हाय, आजोबा," आगरीण म्हणाली. "वास आत येतो त्याला आमी काय करनार."

हेडक्लार्क हसले आणि त्या हसण्याचा त्यांनी खोकला केला. पंच निघून गेले. वन्संनी तिसरा अध्याय उघडला.

श्रावण गेला, गणपती झाले, नवरात्र झालं. खंड पडला नाही. वन्संची अडचण आली तेव्हा कारकुनीणीने वाचलं, कचेरीतला हुकूम वाचावा तसं, स्वल्पविरामासकट. एका दिवशी पाऊस मंडपात आला तर आम्ही चौरंगावर छत्री धरली. अध्यायाखालची कामं करायचा मी सगळ्यांमागे तगादा लावला. एकेकीचं काम होईपर्यंत तोच अध्याय रोज पुन्हा वाचायचा, मगच पुढचा, म्हणून एकेका अध्यायाला आठवडा-दीड आठवडा लागे. सोनारकाकू जावेशी बोलल्या. जाऊ काय बोलली ते काकू सांगत नाहीत. दानाच्या अध्यायात ज्याला द्यायचं त्याला आधी काय हवं ते विचारा, असं होतं. आगरीण म्हणाली, "मना कुनी कवा इचारलंच नाय." मग मी विचारलं. तिला फाटकाजवळ सावली हवी होती, टोपलीसाठी. आम्ही कुंपणाबाहेर झावळ्यांचा आडोसा केला. मामंजींनी टोपली बाहेर म्हटलं होतं, उन्हात म्हटलं नव्हतं.

कार्तिकी एकादशी जवळ आली तेव्हा एकच अध्याय उरला होता. मी समाप्तीची तयारी केली. पुरणाचा स्वयंपाक कोण, सवाष्णी किती, गुरवांना धोतर, पुस्तकाला नवं वेष्टन. त्या दुपारी मंडप भरला. वन्सं येऊन बसल्या आणि त्यांनी अकरावा अध्याय उघडला, जो आदल्या दिवशी कामासकट पुरा झाला होता.

"वन्सं, तो झालाय," मी हळूच म्हटलं.

"माहीत आहे. आज पुन्हा वाचते."

"आणि बारावा? उद्या?"

"उद्याही नको." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "समाप्ती झाली की आसन उचलायचं ठरलंय ना, वहिनी."

हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. पुरणाच्या डाळीचा हिशेब करण्यात मी इतकी गुंतले होते. मंडपात एकेकीच्या डोक्यात उजेड पडत गेला.

सोनारकाकू घाबरल्या. "अगं पण अर्धवट पारायणाचा दोष?"

"अर्धवट कुठे टाकतोय, काकू? रोज वाचायचं. खंड पडू द्यायचा नाही. शेवटाला पोचलो नाही अजून, इतकंच."

"आमच्या कचेरीत याला प्रकरण विचाराधीन म्हणतात," कारकुनीण म्हणाली. "त्यात काही दोष नसतो. त्याच्यावर लोक पेन्शनीत जातात."

मी समाप्तीचा कागद घडी करून ठेवला. डाळ भिजवली होती, तिचे वडे केले.

तेव्हापासून त्या मंडपातली दुपार वन्संची आहे. आधीचे अध्याय आम्ही फिरून फिरून वाचतो. शिवाय त्याच ताडपत्रीवाल्याकडून आणलेली दुसरी पुस्तकं वाचतो. ती पारायणात मोडत नाहीत, मुख्य ग्रंथ समजायला मदत म्हणून, असं मी पंचांना सांगून ठेवलंय. ज्याला जे हवं ते आणावं, एकच अट, भाषा समजली पाहिजे. कठीण आलं तर वन्सं थांबतात आणि म्हणतात, यातलं मला कळलं नाही, कुणाला कळलं? बुवांना असं विचारताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आगरणीबरोबर आता तिच्या गावच्या आणखी दोघी-तिघी येतात. बाजाराच्या दिवशी झावळ्यांखाली टोपल्यांची रांग असते.

पुराणिकबुवा पुढच्या वर्षी काठी टेकत आले. त्यांची वेळ आम्ही संध्याकाळची करून दिली. एका दुपारी ते ओवरीतून येऊन मागे बसले. अध्याय संपल्यावर मला म्हणाले, "समाप्ती कधी?"

"तयारी झालीय, बुवा."

"माझ्या पोथीची दर वर्षी होते," ते म्हणाले. "म्हणून मला दर वर्षी कुणी बोलावेल का याची वाट बघावी लागते." आणि काठी उचलून गेले. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही.

तक्रार करणारे दुसरे पुष्कळ होते. आळीत बोललं गेलं की या बायकांनी देवाला फसवलं. नऊ वर्षं झाली. देवाकडून आमच्याकडे अजून काही आलेलं नाही. ज्याच्यासमोर रोज दिवा लागतो, मंडप झाडला जातो आणि वीस बायका राग कसा आवरावा यावर भांडतात, त्याला फसवलं गेल्यासारखं वाटत असेल तर त्याने सांगावं. माणसांनी त्याच्या वतीने बोलू नये. आणि मामंजींचा शब्दही आम्ही मोडलेला नाही. ग्रंथ संपेपर्यंत, असं ते म्हणाले होते.

ते दर दिवाळीला विचारायचे, "संपला का?" मी म्हणायचे, "नाही, मामंजी." पुढे काही नाही. हे आमच्यातलं ठरून गेलं होतं.

आता १९६६. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. त्यांची पोथी त्यांना वाचता येत नाही. गेल्या वर्षापासून ते दुपारी मंडपात येतात. येताना म्हणाले होते, टोपल्या बाहेर आहेत की नाही ते बघायला. तेवढं दिसत नाही त्यांना. खांबाजवळ त्यांच्यासाठी पाट ठेवते. अध्याय संपेपर्यंत हलत नाहीत.

मागच्या महिन्यात दुपारचं वाचन उरकून आम्ही घरी आलो. वन्सं मामंजींचे पाय पुसत होत्या. ते म्हणाले, "शेवटचा अध्याय कशावर आहे गं?"

"माहीत नाही, बाबा."

"तू वाचला नाहीस?"

"संकल्प सगळ्यांनी मिळून केलाय. एकटीने कसा वाचू? त्याची पानंसुद्धा कापलेली नाहीत."

छापखान्यातून पुस्तक येतं तेव्हा पानांच्या कडा जोडलेल्या असतात. वाचणाऱ्याने कापून घ्यायच्या. वन्संनी बाकीच्या कापल्या होत्या, त्या तेवढ्या नाही.

मामंजी बराच वेळ पाय पुसून घेत राहिले. ते कोरडे झाले होते तरी. "मला ऐकायचाय," ते म्हणाले.

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता वन्सं विरघळतील. वडील म्हातारे, डोळे गेलेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन मुलीकडे काही मागितलं होतं. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित पानं कापायला चाकू आणला असता.

वन्संनी टॉवेल पिळला. "वाचते," त्या म्हणाल्या. "मंडपात वाचते, सगळ्यांसमोर. त्याआधी तुम्ही पंचांना बोलावून सांगा की समाप्ती झाल्यावरही आसन राहील. तुमचा शब्द आहे, तुम्हीच बदलू शकता. शेठ आणि हेडक्लार्क तुमच्यामागून हो म्हणतील."

"बाईने बापाला अट घालायची?"

"नऊ वर्षांपूर्वी तुम्ही घातली होती, बाबा. मी पाळली."

वन्सं चुलीकडे गेल्या.

त्यानंतर मी दोनदा विचारलं, पंचांची बैठक बोलावू का. पहिल्यांदा म्हणाले, शेठ गावाला गेलेत. शेठ परत आले. दुसऱ्यांदा म्हणाले, बघू. मी शेठच्या दुकानात निरोप ठेवलाय, हेडक्लार्कांच्या घरीही. सतरंजी झटकून ठेवलीय. पुरणाची डाळ डब्यात आहे. दुपारी मामंजी खांबाजवळ बसतात, अध्याय ऐकतात, घरी येतात. मी रोज त्यांच्या तोंडाकडे बघते आणि रोज पुन्हा लिहून ठेवते: पंचांची बैठक व्हायची आहे, आणि बाराव्या अध्यायाची पानं कापायची आहेत.